सिंगापूर क्रूझवर ड्रिंक पॅकेज घ्यावं का? केबिनमध्ये आम्ही तिघं, घेणारे एकटे हे

मृणाल_बडोदा
नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही रॉयल कॅरिबियनच्या क्रूझला निघतोय. सिंगापूरहून पेनांग, फुकेत आणि परत, ४ रात्री. विमान अहमदाबादहून. एका केबिनमध्ये मी, हे आणि आमचा मुलगा, दुसऱ्यात नणंद आणि तिचे यजमान. बुकिंग झालंय, आता सगळं ड्रिंक पॅकेजवर, म्हणजे रोजचे ठरलेले पैसे भरून हवी तेवढी पेयं घेण्याच्या योजनेवर, अडलंय. आमच्या तारखेला दारूसकटचं डिलक्स पॅकेज माणशी रोज ७० डॉलर दाखवतंय, वर १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप.

नणंदेच्या यजमानांनी घ्यायचं पक्कं केलंय. त्यांचं म्हणणं, गुजरातेत वर्षभर मन मारायचं, मग समुद्रावर तरी दर पेल्याला बिल का बघायचं? ह्यांनाही ते पटतंय. पण हे घेऊन घेऊन किती घेणार? दमणला गेलो की संध्याकाळी दोन बिअर, त्यापुढे गेलेले मी कधी पाहिले नाहीत. मी अजिबात घेत नाही. मुलगा १९ वर्षांचा, एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकतो. मला दिवसातून तीनदा चहा मिळाला की पुरे. खर्चाला माझी ना नाही, तिघं मिळून पहिल्यांदाच परदेशी निघालोय. पण ते पैसे पेल्यात जावेत की पेनांग-फुकेत नीट बघण्यात, हे मला ठरवायचंय. जाऊन आलेल्यांनी खरं काय ते सांगा.

दांडियाबाजारचे काका
मृणालताई, आधी केबिनचा नियम बघा, कारण तुमच्या घरात खर्च वाढणार तो त्यानेच. रॉयल कॅरिबियनमध्ये एका केबिनमधल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं की त्या केबिनमधल्या, पिण्याचं वय झालेल्या प्रत्येकाला ते घ्यावं लागतं. आणि आशियातून सुटणाऱ्या त्यांच्या जहाजांवर हे वय १८ आहे. अमेरिकेतून निघालात तर २१. म्हणजे ह्यांनी पॅकेज घेतलं की तुमचं आणि मुलाचंही आलं. तिकडे नणंदेचंही तसंच.

आता आकडा मांडा. ७० वर १८ टक्के म्हणजे ८२.६० डॉलर, ४ रात्रींचे ३३०.४० एका माणसाचे. तुमच्या केबिनमधले तिघं धरले तर ९९१.२०, आणि नणंदेकडचे दोघं मिळवून १,६५२ डॉलर. एकाच दिवसापुरतं पॅकेज मिळत नाही, पूर्ण सफरीचं घ्यावं लागतं.

आणि हे पाचही जण मिळून पिणार किती? पॅकेजमध्ये १४ डॉलरपर्यंतचा पेला बसतो. रोज पाच कॉकटेल घेतली तर एका माणसाचे ७० वसूल. बिअर साधारण ९ डॉलर धरली तर रोज आठ. ग्रॅच्युइटी सुट्या पेल्यावरही लागते, म्हणून हिशोबात फरक पडत नाही. तुमचे यजमान दोन बिअर घेणारे, त्यांचे रोजचे २१.२४ डॉलर होतात. चार दिवसांचे जेमतेम ८५. एकीकडे ८५ आणि एकीकडे ९९१, मला तरी यात विचार करण्यासारखं काही दिसत नाही.

शिवाय पहिल्या दिवशी जहाजावर चढेपर्यंत दुपार होते. पेनांग आणि फुकेतला तुम्ही निम्मा दिवस किनाऱ्यावर असाल, तिथे पॅकेज चालत नाही. शेवटच्या सकाळी नाश्ता करून उतरायचं. दिवसाला आठ बिअर घ्यायला त्या माणसाकडे वेळ तरी कुठे आहे? आणि पैसे भरलेत म्हणून पीत राहणं तब्येतीला वाईट, हे मी मनापासून सांगतो. ज्यांना बीपीची गोळी चालू आहे त्यांनी तर या फंदात पडूच नये.

नणंदेच्या यजमानांना घ्यायचंच असेल तर दोन्ही पुरुष एका केबिनमध्ये आणि तुम्ही, नणंद, मुलगा दुसऱ्या केबिनमध्ये, असं बुकिंग करून घ्या. मग पॅकेजं दोनच, ६६०.८० डॉलर. पण त्यातही तुमच्या यजमानांना ते घ्यावंच लागेल, म्हणजे मेहुण्यांच्या हौशीपायी ८५ च्या जागी ३३०. हे घरात मोकळेपणाने बोला.

कारेलीबागची_सुजाता
काकांच्या हिशोबाशी मी सहमत आहे. मृणाल, चहाची काळजी करू नकोस. पाणी, चहा, साधी कॉफी, लिंबू सरबत, आइस टी आणि नाश्त्याला ज्यूस हे सगळं भाड्यातच येतं. बुफेच्या ठिकाणी मशीन असतात, आपल्या हाताने घ्यायचं. मात्र चहा म्हणजे गरम पाणी आणि पिशवी, आपला उकळलेला मसाला चहा नाही. आलं-वेलदोडा घातलेलं प्रीमिक्स घरून ने, तिथे गरम पाणी हवं तेवढं मिळतं. मी सकाळी तेच करून डेकवर घेऊन जायचे आणि मला बाकी कशाचीही उणीव भासली नाही. कॅपुचिनो, मॉकटेल, कोल्ड्रिंक यांचे मात्र वेगळे पैसे पडतात.

मुलाला कोक लागत असेल तर नुसतं कोल्ड्रिंकचं ‘सोडा पॅकेज’ मिळतं, ते बरंच स्वस्त असतं. त्याआधी हे करून बघ: चढण्याच्या दिवशी केबिनमागे साध्या पेयांचे १२ कॅन किंवा बाटल्या सोबत नेता येतात. सिंगापूरच्या कुठल्याही सुपरमार्केटातून घे आणि हातातल्या बॅगेत ठेव. पिण्याचं वय झालेल्या प्रत्येकाला ७५० मिलीची वाईनची एक बाटलीही नेता येते. बिअर आणि व्हिस्की मात्र अजिबात चालत नाही.

मृणाल_बडोदा
काका, सुजाता, खूप आभार. मुलाचंही पॅकेज लागेल हे आमच्या एजंटने सांगितलंच नव्हतं. काल रात्री ह्यांच्यासमोर दोन्ही आकडे ठेवले. त्यांनी ८५ बघितले आणि म्हणाले, मेहुण्यांशी मीच बोलतो. आणखी एक विचारायचंय. जहाजावरच्या ड्यूटी फ्री दुकानातून एखादी बाटली घेऊन अहमदाबादला उतरलो तर चालतं का? माणशी २ लिटरची सवलत आहे ना?

अलकापुरी_ट्रॅव्हलर
ती सवलत कस्टमची आहे. कस्टम ड्यूटी लागत नाही, एवढाच तिचा अर्थ. गुजरातेत पाऊल टाकलं की दारूबंदी कायदा लागू होतो. मूळ मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाल्यावरही इथे तसाच चालू राहिला. परमिट नसताना बाटली बाळगणं गुन्हा आहे. २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या व्यापारी वसाहतीत दारूबंदीतून सूट दिली, तिचा बडोद्याच्या घराशी काही संबंध नाही. यजमानांकडे हेल्थ परमिट, म्हणजे तब्येतीच्या कारणावरून मिळणारा दारूचा परवाना, नसेल तर बाटली आणूच नका.

दुसरं, जहाजावरचा सगळा खर्च डॉलरमध्ये होतो. भारतीय क्रेडिट कार्डावर बहुतेक बँका परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे जादा आकार, लावतात, पुष्कळदा ३.५ टक्के, आणि त्यावर जीएसटी. मार्कअप नसलेलं कार्ड असेल तर तेच जहाजाच्या खात्याला जोडा.

दांडियाबाजारचे काका
मेहुणे ऐकले नाहीत तर पॅकेज निघण्याआधी साइटवरूनच घ्यायला सांगा, जहाजावर दर सहसा जास्त असतो. आधी घेतलेलं ठरावीक मुदतीपर्यंत रद्द करता येतं, म्हणून दर उतरला तर रद्द करून कमी दराने पुन्हा घ्यायचं. आणि केबिनची नावं बदलायची असतील तर ते पॅकेज घेण्याआधी एजंटकडून करून घ्या. यजमानांनी रोज संध्याकाळी खात्यावरचा आकडा ॲपमध्ये बघावा. दोन बिअरच्या दिवशी तो २१ च्या आसपास दिसला पाहिजे.