एवढं मोठं ब्रिटिश साम्राज्य लंडनमधून सांभाळलं कसं?

प्रश्न: १९०० च्या आसपास लंडनमधे बसून कॅनडा ते ऑस्ट्रेलिया कारभार चालवायचा तर नुसतं आरमार पुरलं नसणार ना? जाणकारांनी सांगा प्लीज.

उत्तर १: आरमार होतंच पण खरी ताकद समुद्राखालून टाकलेल्या टेलिग्राफच्या तारांत होती. १८७० मधे मुंबई ही एडन (आताच्या येमेनमधलं बंदर), सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत इंग्लंडशी जोडली गेली, बोटीने पत्र जायला आठवडे लागायचे ते काम तासांवर आलं. तांब्याच्या तारेवर गटापर्चा चढवायचे, मलायाकडच्या झाडांचा चीक, गरम पाण्यात मऊ होतो आणि गार झाला की कडक, खारं पाणी आत शिरू देत नाही. त्या चिकापायी लाखो झाडं तोडली गेली, याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

उत्तर २: +१. १९०२ ला पॅसिफिकची केबल झाली आणि पृथ्वीला वेढा पूर्ण, तोही जवळपास सगळा ब्रिटिश मुलखातून. म्हणून तर १९१४ ला युद्ध पुकारल्यावर काही तासांत त्यांनी जर्मनीच्या तारा समुद्रातच कापल्या.

प्रश्नकर्ता: बापरे, हे माहीतच नव्हतं! आणि बोटींना कोळसा?

उत्तर १: त्यासाठीच एडन. १८३९ मधे मुंबईहून गेलेल्या फौजेने घेतलं, १९३२ पर्यंत कारभार मुंबई इलाख्याकडेच होता.