चढावर रेस अडकते : दोष केबलचा की कार्ब्युरेटरचा?

कोकणवाट

माझ्याकडे १९९६ सालची, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेली छोटी पेट्रोल गाडी आहे. चिपळूणहून कऱ्हाडला जाताना कुंभार्ली घाट चढावा लागतो. गेल्या पावसाळ्यापासून असे होऊ लागले आहे की चढावर पेडल बरेच दाबून मग पाय काढला, तरी इंजिनाची रेस उतरत नाही. पेडल खालीच राहते आणि बुटाच्या टोकाने वर उचलले की सुटते. सकाळी इंजिन थंड असताना हा त्रास अजिबात जाणवत नाही. एका मेस्त्रींनी कार्ब्युरेटरला आणखी एक स्प्रिंग लावण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्यांनी कार्ब्युरेटरच बदलायला सांगितले. खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे हे कसे ओळखावे? आणि घाटातच रेस पूर्ण अडकली तर काय करावे?

पाना_बारा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. क्लच पूर्ण दाबून गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा, म्हणजे इंजिन कितीही ओरडले तरी चाकांना ताकद मिळत नाही. ब्रेक एकदाच जोराने दाबून तसाच धरून ठेवावा. सर्व्हो ब्रेकला (पायाचा जोर वाढवून देणाऱ्या ब्रेकला) लागणारा व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधून (हवा आत नेणाऱ्या नळ्यांतून) येतो आणि थ्रॉटल (पेडल दाबल्यावर हवेची वाट उघडणारी झडप) पूर्ण उघडे असताना तो जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला, तर सर्व्होत साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांतच संपून पेडल दगडासारखे कडक होते. गाडी कडेला थांबली की लगेच इग्निशन बंद करावे, कारण जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात सहसा रेसवर मर्यादा घालणारी यंत्रणा नसते. मात्र गाडी चालू असताना किल्ली शेवटच्या खाचेपर्यंत फिरवून बाहेर काढू नये. स्टिअरिंग लॉक होते.

आता निदान. इंजिन बंद करून हँडब्रेक ओढावा, एअर क्लीनर उतरवावा आणि कार्ब्युरेटरच्या, थ्रॉटल उघडणाऱ्या लिव्हरवरून पेडलकडून येणाऱ्या केबलचे टोक सोडवावे. मग लिव्हर बोटाने पूर्ण उघडून सोडावा. तो ‘टक्’ असा आवाज करून जागेवर आला, तर कार्ब्युरेटर निर्दोष आहे आणि घर्षण केबलमध्ये किंवा पेडलच्या बिजागरीत आहे. लिव्हर रेंगाळला, तर थ्रॉटलचा दांडा, त्यावरील चकतीचे स्क्रू आणि चकतीभोवती साचलेला कार्बन तपासावा. त्यानंतर सुटी झालेली केबल हाताने पुढे-मागे ओढून पाहावी. चांगली केबल कुठेही न अडखळता सरकते. आपला त्रास इंजिन गरम झाल्यावरच होतो, म्हणून हीच परीक्षा घाट चढून आल्यानंतर लगेच, एक्झॉस्टला (धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीला) हात लागणार नाही याची काळजी घेऊन, पुन्हा करावी. थंड गाडीवर घेतलेली परीक्षा आपल्या बाबतीत फसवी ठरेल.

पेडल उचलल्यावर रेस उतरते, ही आपण दिलेली माहिती फार उपयोगाची आहे. पेडल पूर्ण वर येऊनही रेस चढलेलीच राहिली असती, तर मी केबलऐवजी अडकलेला चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप), त्याचा फास्ट-आयडल कॅम (थंड इंजिनाची रेस थोडी चढी ठेवणारा भाग) किंवा इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून (जोडावरील पातळ पट्टीतून) शिरणारी हवा यांचा संशय घेतला असता.

कोकणवाट

सांगितल्याप्रमाणे गरम इंजिनावर तपासले. लिव्हर मोकळा आहे, केबल मात्र मध्येच घट्ट होते. तिला धरून ठेवणारी क्लिप तुटल्यामुळे ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूला झुकली असून, तेथे बाहेरचे आवरण वितळून चपटे झाले आहे. कार्ब्युरेटरकडील टोकाला तारेचे दोन-तीन पदरही उसवले आहेत. तात्पुरते तेल सोडून चालेल का?

जुने_इंजिन

चालणार नाही. उसवलेला पदर आवरणाच्या तोंडाशी उलटा अडकला, तर पुढच्या वेळी बुटाने उचलूनही पेडल सुटणार नाही, त्यामुळे केबल बदलेपर्यंत गाडी घाटात नेऊच नये. शिवाय आत नायलॉनचे अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल किंवा ग्रीस भरल्यास धूळ चिकटून काही महिन्यांत पुन्हा तोच त्रास उद्भवतो.

अतिरिक्त स्प्रिंगचा उपाय मला पसंत नाही. जास्त ताणाने पेडल परत येते खरे, पण घर्षण तसेच राहते, पाय दुखतो आणि आधीच झिजलेल्या तारेवर भार वाढतो. मूळ स्प्रिंग सैल किंवा गंजलेली असेल तरच त्याच मापाची नवी घालावी.

नवी केबल टाकताना तिची वाट एक्झॉस्टपासून दूर ठेवावी, तीव्र वळण टाळावे आणि नवी क्लिप लावावी. पाय वर असताना केबलला किंचित ढील हवी आणि पेडल जमिनीला टेकल्यावर लिव्हर पूर्ण उघडलेला दिसायला हवा; दुसऱ्या कोणाला तरी पेडल दाबायला सांगून हे डोळ्यांनी पाहावे. त्याच वेळी इंजिन माउंटिंगही (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) तपासून घ्यावे. रबर फाटले असेल तर चढावर इंजिन झुकते आणि केबल ताणली जाऊन पाय न दाबताही रेस वाढते. केबल नवी असूनही तक्रार कायम राहिली, की पुष्कळदा मूळ तेथेच सापडते. पायाखालची मॅट पेडलला अडत नाही ना, हेही पाहावे. २००९–१० मध्ये अमेरिकेत टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या, त्यामागे पेडल मॅटमध्ये अडकणे हे एक मुख्य कारण होते.

रात्रपाळी

हा धागा वाचणाऱ्या नव्या गाड्यांच्या मालकांसाठी एक भर घालतो. ज्या गाडीत केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असते, तिची चकती बोटाने ढकलून वरील परीक्षा करू नये. आतील गिअर तुटू शकतात. तेथे स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचे यंत्र) लावून बिघाडाचा कोड वाचावा. पी२१११ म्हणजे थ्रॉटल उघडे अडकले आणि पी२११२ म्हणजे बंद अडकले. कार्बन साफ केल्यावर बऱ्याच गाड्यांत आयडलचे (पेडल न दाबता इंजिन चालते त्या वेगाचे) मूल्य स्कॅनरने पुन्हा शिकवावे लागते. ते न केल्यास सफाई उत्तम होऊनही सिग्नलवर इंजिन बंद पडत राहते.