कपटा, कात्रण की आणखी काही?

वहीवेडी:
पुढच्या शनिवारी आमच्या सोसायटीतल्या मुलांना हाताने वही शिवायला शिकवणार आहे. कृतीचा कागद मराठीत लिहायला बसले आणि तिसऱ्याच ओळीला अडले. वहीच्या पानांवर लावायला उरल्यासुरल्या कागदांची एक छोटी सजावट करतात. खाली तीन बोटं रुंदीचा खाकी पाकिटाचा तुकडा, त्यावर जरा लहान आलेखाचा कागद, त्यावर एस.टी.चं जुनं तिकीट किंवा लग्नपत्रिकेवरचा गणपती, सगळ्यात वर एखादं बटण. मधून शिवणयंत्राची एक टीप मारली की झालं. जंक जर्नलवाली, म्हणजे अशा उरल्यासुरल्या कागदांच्या वह्या सजवणारी मंडळी याला 'क्लस्टर' म्हणतात. मी लिहिलं, 'कपट्यांचे झुबके'.

सासूबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "कपटा म्हणजे फाडून फेकलेला. कात्रीने कापलं की ते कात्रण. आणि झुबका केसांचा, नाहीतर फुलांचा." माझ्या माहेरी साताऱ्याला कापलेला काय नि फाडलेला काय, सगळा कपटाच. कोण बरोबर?

खोडरबर:
सासूबाई. कपट्याला सरळ कड नसते. वर्गात चिठ्ठी पकडली गेली की बाई तिचे कपटे करायच्या, कात्रणं नाही.

वहीवेडी:
पण मग शिंप्याकडे खाली पडतात त्यांना काय म्हणाल? ती तर कात्रीनेच कापलेली असतात, आणि आम्ही त्यांना चिंध्याच म्हणतो.

अर्धविराम:
कात्रण शब्दावर वर्तमानपत्राने कब्जा केलाय, हे कुणी लक्षात घेत नाही. आज 'कात्रण' म्हटलं की डोळ्यांसमोर बातमी येते, तारखेसकट. मुलांना 'कात्रणं घेऊन या' सांगाल तर सगळी क्रिकेटच्या बातम्या कापून आणतील. कपटाच ठेवा.

पुठ्ठेवाले काका:
चाळीस वर्षं छापखान्यात आणि बांधणीत काढली, म्हणून बोलतो. यंत्रावर गठ्ठ्याच्या कडा कापल्या की ज्या पट्ट्या पडत, त्यांना आम्ही कटिंगच म्हणायचो. कपटा कुणी म्हणत नसे. कपटा म्हणजे ज्यावर मालक हिशेब खरडून द्यायचा आणि नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणायचा तो. त्याला चिठोराही म्हणत. चिठोऱ्यात जरा तुच्छता आहे, कपट्यात नाही.

वहीवेडी ताई, एक सांगतो. तुकडे कापू नका, फाडा. स्टीलची पट्टी दाबून धरायची आणि कागद आपल्याकडे ओढायचा. तंतू मोकळे होतात, मऊ पांढरी कड निघते, आणि एकावर एक लावले की तुकडे एकमेकांत मिसळतात. कात्रीची कड परक्यासारखी दिसते. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या व्याख्येनेही ते कपटेच झाले.

वहीवेडी:
काका, हे मी आत्ताच त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग गणपती पण फाडणार का?"

खोडरबर:
😄 गणपती कात्रण, बाकी कपटे. वाद मिटला.

शब्दशुद्धी:
मूळ प्रश्न 'क्लस्टर'चा होता. 'अलंकरणगुच्छ' म्हणा की. अर्थवाही आहे, कोणालाही कळेल. महापौर, दिनांक हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसलेच होते.

अर्धविराम:
आठ वर्षांच्या मुलाला 'अलंकरणगुच्छ चिकटव' म्हणून बघा. आणि शुद्धच करायचं असेल तर 'कागद' आधी काढा, तो फारसीतून आलाय. नक्षीही परकीच. मग वहीत उरेल काय, दोरा?

शब्दशुद्धी:
रुळलेल्या शब्दांबद्दल मी बोलतच नाहीये. प्रश्न नव्या शब्दाचा आहे. नवा घडवायचाच तर आपल्या मातीतला घडवा, एवढंच म्हणणं आहे. 'स्क्रॅपबुक'ला 'चिकटवही' केलंच ना आपण? आज कुणाला ते जड वाटतं का?

अर्धविराम:
चिकटवही टिकली, कारण चिकट आणि वही दोन्ही स्वयंपाकघरातले शब्द आहेत. अलंकरण स्वयंपाकघरात येत नाही.

मांडवीकाठ:
आमच्याकडे गोव्यात कोंकणीत तुकड्याला 'कुडको' म्हणतात, कागदाचा असो वा पावाचा. कापला की फाडला हे विचारत नाही कोणी. मराठीने एवढे भेद का पाळावेत?

नागपुरी संत्रं:
कपट्याची व्युत्पत्ती कुणी सांगितलीच नाही! संस्कृतात 'कर्पट' म्हणजे फाटकं वस्त्र, चिंधी. त्यावरून प्राकृतात कप्पड आणि आपलं कापड. माझं ठाम मत की कपटा त्याच घरातला. आणि गंमत बघा, हातकागद होतो कशाचा? सुती चिंध्यांच्या लगद्याचा! पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागदाची संस्था आहे, तिथे जाऊन बघा. चिंधीचा कागद, कागदाचा कपटा. शब्द फिरून घरी आला.

खोडरबर:
व्युत्पत्ती इतकी गोड असली की मला संशय येतो. 'कपट'शी संबंध नाही कशावरून? काकांच्या मालकाचा हिशेब आठवा.

इडलीअप्पा_जर्सी:
इकडे मुलींच्या मराठी शाळेत मी हाच उद्योग केला होता. मी 'उतरंड' म्हटलं होतं. खाली मोठं, वर लहान, त्याहून वर लहान. आजीच्या घरी मडक्यांची उतरंड असायची, अगदी तस्सं. मुलींना लगेच कळलं. झुबक्यात सगळं एका ठिकाणी बांधलेलं असतं, चळतीत सगळं एकाच मापाचं (ताटं, नाणी). लहान होत जाणं फक्त उतरंडीत आहे.

वहीवेडी:
अरे वा! हे मला सुचलंच नाही. कपट्यांची उतरंड. 'एक उतरंड रचा' हे ऐकायलाही छान वाटतं.

अर्धविराम:
छान आहे, पण जरा थांबा. उतरंड शब्द आज नव्वद टक्के कुठे भेटतो? 'जातीची उतरंड.' मुलांच्या वहीत कशाला?

इडलीअप्पा_जर्सी:
म्हणजे मडकी आता चुकीची झाली का? शब्दाचा मूळ अर्थ वापरायला परवानगी घ्यायची?

अर्धविराम:
परवानगीचं नाही हो. ज्या मुलाच्या घरात तो शब्द वेगळ्या अर्थाने बोलला जातो, त्याच्या कानाला काय वाटेल, एवढंच. तुम्ही जर्सीला आहात, तिथे फक्त मडकी आठवतात.

शब्दशुद्धी:
याच्यापेक्षा अलंकरणगुच्छ बरा होता.

पुठ्ठेवाले काका:
मुलांना मडकी दाखवा, मग रचायला सांगा. माझ्या मते त्यांना आधी वस्तू हवी, शब्द मागाहून येतो.

बरं, चिकटवणार कशाने? फेविकॉल पाणीदार असेल तर पातळ पान फुगतं आणि सुरकुतं. आम्ही मैद्याची खळ करायचो. पाण्यात मैदा गुठळ्या न होता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक झाली की उतरवायची. कडांनाच लावायची, मध्ये नाही. म्हणजे मागे चिठ्ठी सरकवायला खिसाही तयार होतो.

नागपुरी संत्रं:
काका, आमच्याकडे त्याला लई म्हणतात. खळ कपड्याला, लई कागदाला!

पुठ्ठेवाले काका:
आमच्याकडे दोन्हीला खळच. पण खळ घरात केली की कसर लागते, म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचो.

खोडरबर:
कसर म्हणजे किडा ना? मी लहानपणी समजायचो, 'कसर लागली' म्हणजे वहीत काहीतरी कमी पडलं. 'कसर राहिली'तली कसर ती हीच का? मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात बघायला हवं.

शब्दशुद्धी:
नाही. तूट या अर्थाची कसर अरबीतून फारसीमार्गे आली. किड्याची वेगळी.

नागपुरी संत्रं:
वेगळी कशावरून? किडा कागद खातो, कागद कमी होतो, तीच तूट! माझ्या मते एकच.

शब्दशुद्धी:
तुमच्या मते कपटाही कापडच होता.

मांडवीकाठ:
आमच्याकडे पावसाळ्यात वहीला कसर आणि बुरशी दोन्ही लागतात. शब्द एकच असो की दोन, वही गेलीच.

वहीवेडी:
मंडळी, शनिवार जवळ आला. शेवटी झुबका, उतरंड की काय?

पुठ्ठेवाले काका:
ताई, मुलं किती वर्षांची?

वहीवेडी:
सहा ते दहा.

पुठ्ठेवाले काका:
मग मोरचूद अजिबात घालू नका, विषारी असतं ते. बोटं तोंडात जातात. साधी खळ त्याच दिवशी करा आणि उरलेली फेकून द्या.