मदत हवी आहे : स्थलांतरित मुलांची प्रगती वेगळी कशी मोजावी?

मी बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीचा पालक सदस्य आहे. शाळेतील बरीच मुले ऊसतोड कामगारांची असून दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर कारखान्याकडे जातात. त्यामुळे वर्गाची सरासरी नेमकी कोणाची, हेच कळत नाही. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीच्या नोंदींतून इयत्ता आणि सामाजिक प्रवर्गानुसार पटसंख्या मिळाली, पण मला मिळालेल्या तक्त्यांत गुण नव्हते, आणि 2024 च्या परख या विद्यार्थ्यांची शैक्षणिक पातळी तपासणाऱ्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे निकाल जिल्हा पातळीवरच थांबतात. मुख्याध्यापक संकलित (सत्राअखेरच्या) चाचणीचे गुण नावे वगळून द्यायला तयार आहेत. मात्र काही गटांत चार-पाचच मुले आहेत, आणि गावात तेवढ्यावरूनही मूल ओळखले जाते. अशा वेळी तीन वर्षांचे गुण एकत्र करावेत, की प्रत्येक मुलाची जाण्यापूर्वीची आणि परतल्यानंतरची पातळी तपासावी?