१६ ते १८ वयोगटातील मुलांवर प्रौढांप्रमाणे खटला चालवावा का?

आडवाट (धागालेखक):
देशात अल्पवयीन आरोपींविरुद्ध २०२१ मध्ये ३१,१७०, तर २०२२ मध्ये ३०,५५५ गुन्हे नोंदवले गेले, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे (एनसीआरबी) आकडे सांगतात. त्या वर्षी आकडा वाढला नव्हता, तरीही एखादी भीषण घटना घडली की कायदा कडक करण्याची मागणी सुरू होते. वास्तविक २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने, किमान ७ वर्षे शिक्षेच्या निर्घृण गुन्ह्यात १६ वर्षांवरील मुलाचे प्राथमिक मूल्यांकन करून त्याला प्रौढाप्रमाणे खटल्यासाठी बाल न्यायालयाकडे धाडण्याची वाट आधीच खुली केली आहे. मला ती वाटच अमान्य आहे. गुन्ह्याच्या वेळी त्या मुलाला परिणामांची जाण होती की नव्हती, हे काही आठवड्यांनी एखाद-दुसऱ्या भेटीत कोण आणि कशाच्या आधारे ठरवणार?

साक्षीपुरावा:
आपण दिलेल्या आकड्यांवरून आपला निष्कर्ष निघत नाही. याच कायद्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांनुसार गुन्हा निर्घृण असेल किंवा प्रौढांच्या साथीने केलेला असेल, तरच एफआयआर नोंदवायचा असतो. बाकीची माहिती पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत जाते. म्हणजे नोंदी घटल्या म्हणून गुन्हे घटले, असे म्हणता येत नाही. शिवाय पकडल्या गेलेल्या मुलांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक मुले १६ ते १८ वयाचीच असतात. ‘प्रौढाप्रमाणे खटला’ म्हणजे थेट तुरुंग, हा समजही चुकीचा आहे. २१ वर्षांपर्यंत त्या मुलाला ‘सुरक्षित स्थानी’ (तुरुंगाहून वेगळ्या संस्थेत) ठेवतात, आणि फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप त्याला देता येत नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांना असा खटला न चालल्यास मिळणारी विशेष गृहातील (सुधारगृहातील) कमाल ३ वर्षे पुरेशी वाटावीत, असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

आडवाट:
आकड्यांबाबतचा आक्षेप मान्य. मूल्यांकनाबाबतचा माझा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

मधली_पायरी:
अल्पवयीन आरोपींची प्रकरणे आधी ज्याच्यापुढे येतात त्या बाल न्याय मंडळापुढे काही वर्षे वकिली केल्यामुळे मला हा वाद थोडा बाजूला सरकल्यासारखा वाटतो. किरकोळ गुन्ह्याची चौकशी ४ महिन्यांत आणि वाढीव २ महिन्यांतही संपली नाही, तर प्रकरण आपोआप बंद होते. गंभीर व निर्घृण गुन्ह्यांना ही सवलत नाही, तिथे मुदत वाढत राहू शकते. प्राथमिक मूल्यांकनासाठी ३ महिने दिलेले आहेत, परंतु ही मर्यादा बंधनकारक नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. परिणामी सोळाव्या वर्षी आत आलेला मुलगा निर्णय लागेपर्यंत सज्ञान झालेला असू शकतो, आणि मग सुधारणा नेमकी कोणाची करायची, हा प्रश्न उरतो. (पुण्यातील अल्पवयीन चालकाच्या मे २०२४ च्या अपघातानंतर गाजलेला ३०० शब्दांचा निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, संताप समजण्यासारखा होता, पण निम्मी चर्चा तो निबंध शिक्षा असल्याचे धरूनच झाली.)

साक्षीपुरावा:
विलंबाचा मुद्दा मी खोडून काढत नाही, पण तो माझ्याच बाजूचा आहे. बाल न्यायालयाकडे प्रकरण गेले तर निदान साक्षी-पुराव्यांची रीतसर तपासणी होते आणि मृताच्या नातेवाइकांना काय चालले आहे ते कळते. मंडळाची चौकशी बंद दाराआड वर्षानुवर्षे चालते, तेव्हा त्यांच्या हाती काय लागते?

मधली_पायरी:
पुढची तारीख लागते. त्या मुलाच्या हातीही तीच लागते.