उरलेला फरक म्हणजे मेहनत नव्हे

मुलांच्या शिक्षणात जो फरक दिसतो, त्यातून पालकांचं शिक्षण आणि उत्पन्न यांचा प्रभाव वजा केला की उरतो तो मुलाच्या मेहनतीचा, असं म्हटलं जातं. हे मला अजिबात पटत नाही. समजा, पालक आणि मुलं यांच्या शिक्षणाच्या वर्षांतला सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचं माप) ०.४ आला. त्याचा वर्ग ०.१६, म्हणजे पालकांच्या शिक्षणावरून फक्त १६ टक्के फरक उलगडतो. पण उरलेल्या ८४ टक्क्यांतही घर असतंच: अभ्यासाला शांत कोपरा आहे का, घरात आजारपण आलं की कुणाची शाळा बुडते, नापास झाल्यावर पुन्हा बसू देतात का.

म्हणून भावंडांची तुलना मला जास्त मोलाची वाटते. सख्ख्या भावंडांच्या शिक्षणातलं साम्य मोजलं की दोघांना सामाईक असलेलं सगळंच त्यात येतं, आपण कधी न विचारलेलंही. (शेजार आणि शाळा त्यात मिसळतात, हे मान्य.) तरीही घराचा प्रभाव मोजायला हा आकडा कमीच पडतो. धाकट्याला सांभाळायला थोरलीने शाळा सोडली, तर दोघांमधली ती दरी या हिशेबात कुटुंबाच्या खात्यावर पडतच नाही! ती घरानेच पाडलेली असते.

पिसा या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी चाचणीत घरची सामाजिक-आर्थिक स्थिती मोजणारा निर्देशांक पालकांचं शिक्षण, व्यवसाय आणि घरातल्या वस्तू, पुस्तकं धरून बनतो. चांगला आहे, पण ती चाचणी शाळेत असलेल्या १५ वर्षांच्या मुलांची. थोरली त्या यादीतही नाही.