भरदार पोटऱ्या आणि कावीळ

‘पोटऱ्या भरदार आहेत, म्हणजे पोर दणकट; पडतं ते धांदरटपणामुळे’ असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. डुशेन या स्नायू हळूहळू कमजोर करणाऱ्या आनुवंशिक विकारात पोटऱ्या फुगतात त्या ताकदीने नव्हे, स्नायूंच्या जागी चरबी साठत जाते म्हणून. मुलगा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत असेल तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नका.

शिवाय यकृताच्या रक्ततपासणीत मोजली जाणारी एसजीपीटी, एसजीओटी ही एन्झाइम्स नुसत्या यकृतातून नाही, स्नायूंतूनही रक्तात येतात. आमच्या देवगडकडे एका मुलाचे हे आकडे वाढलेले निघाले आणि घरच्यांनी कावीळ समजून झाडपाल्याचं औषध सुरू केलं. (डोळे पिवळे नव्हते, पण ऐकतंय कोण!) अशा वेळी डॉक्टरांना सीपीकेबद्दल (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) विचारा. साधी रक्ततपासणी आहे. डुशेनमध्ये आकडा हजारांत जातो. पक्कं निदान मात्र बहुधा जनुकीय तपासणीनेच होतं.